पंगतीतली खुर्ची

मुशीत सोनं वितळत असतं तेव्हा एक क्षण असा येतो, की ते धातू वाटतच नाही. पाणीही वाटत नाही. आतून उजेड असलेलं काहीतरी संथ हलत असतं आणि बघणाऱ्याला स्वतःचा विसर पडतो. गलाईच्या धंद्यात चाळीस वर्षं मी तो क्षण पाहिला. आता तो मला मरीनाच्या वाळूवर पहाटे दिसतो. सूर्य वर आलेला नसतो, समुद्राची एक कड नुसती तापलेली असते, आणि मी त्या उजेडात वाळूवर मांडी घालून बसतो, हात छातीशी बांधतो आणि उठतो. पुन्हा बसतो. पुन्हा उठतो. उकडलेला वाटाणा विकणारे सुंडलवाले इतक्या लवकर येत नाहीत. असतात ते कोळी, कुत्री आणि माझ्यासारखे चारदोन म्हातारे. त्यांतल्या एकानं मला एकदा तमिळमध्ये विचारलं, "काय हरवलंय? शोधू लागू का?"

मी म्हटलं, "गुडघे."

तो हसला नाही. वाळूकडे बघत म्हणाला, "माझेही इथंच कुठं तरी पडलेत."

आमचा मुलूख खानापूरचा माळ. तिथली निम्मी माणसं देशभर पसरलेली आहेत आणि जिथं सराफ कट्टा तिथं आमची भट्टी. जुनं सोनं-चांदी वितळवून त्यातली भेसळ काढायची, शुद्ध करून द्यायचं, त्याला गलाई म्हणतात. चौदाव्या वर्षी मी मद्रासला आलो. सौकारपेठेतल्या एका बोळात उकिडवा बसून कोळसे फुंकायला लागलो आणि पंचावन्नाव्या वर्षापर्यंत उकिडवाच बसलो होतो, फरक इतकाच की मधल्या काळात भट्टी माझी झाली. धाकट्या भावाला मीच गावाहून आणलं. त्याला चिमटा धरायला मीच शिकवलं. आम्ही दोघं मुशीच्या दोन बाजूंना बसायचो, खालून उजेड यायचा, आणि त्या उजेडात त्याचा चेहरा मला वडिलांच्या चेहऱ्यासारखा दिसायचा. दुपारी जरा डोळा लागला की अजून तोच चेहरा दिसतो. फक्त मूस हलते.

लहानपणी घरात एकच गोष्ट पोटभर मिळायची, हुलग्याच्या पिठाचं पातळ माडगं. सकाळी माडगं, दुपारी भाकरीवर हुलग्याची उसळ. पैसा हातात खेळायला लागला तेव्हा मी दोन गोष्टी सोडल्या. हुलगा सोडला आणि जमीन सोडली. दुकानात गार हवेचं यंत्र आलं, काचेचा काउंटर आला आणि माझ्यासाठी पाठीला गादी असलेली फिरती खुर्ची आली. त्या खुर्चीवर पहिल्यांदा बसलो त्या दिवशी बायकोला म्हटलं, "आता आपण वर आलो." नाश्त्याला इडली-पोंगल, दुपारी भात, संध्याकाळी मिठाई, आणि दिवसभर ती खुर्ची. बारा वर्षं त्या खुर्चीनं मला फिरवलं. माझे पाय ती हळूहळू काढून घेते आहे हे मला कळलं नाही. व्यवहारात माझी फसवणूक करून गेलेला माणूस मी आयुष्यात दोनदाच पाहिला. ही खुर्ची तिसरी.

आता त्या पाडव्याचं सांगतो.

आम्हा गलाईवाल्यांच्या मंडळाची वर्षातली मोठी पंगत गुढीपाडव्याला असते. मालक असो की भट्टीवरचा माणूस, सगळे त्या दिवशी जमिनीवर शेजारी शेजारी बसतात, केळीच्या पानावर जेवतात. पहिलं पान असतं ते या शहरात सगळ्यांत आधी आलेल्या माणसाचं. त्यानं घास घेतला की पंगत सुरू होते, आणि जेवणं झाल्यावर तो उठला की मगच बाकीचे उठतात. तोवर कुणी हलत नाही. माझ्या आधी ज्यांचं पान होतं ते कायमचे गावाकडे गेले आणि त्या वर्षी ते पान माझं झालं. बावन्न वर्षं मी त्या पानाकडे बघत आलो होतो. कडक इस्त्रीचं धोतर नेसून, फेटा बांधून गेलो.

गेलो तर पंगतीच्या तोंडाशी एक घडीची लोखंडी खुर्ची मांडलेली, तिच्यापुढं छोटं टेबल आणि टेबलावर माझं पान. खाली दोन रांगांत आमची सगळी माणसं मांड्या घालून बसलेली. शेजारी माझा भाऊ पाण्याचं भांडं घेऊन उभा.

"हे कुणी केलं?" मी विचारलं.

"मीच, आण्णा. तुला बरं पडंल म्हणून."

"मी काय आजारी आहे?"

"तसं न्हवं. बस की. सगळी थांबल्यात."

सगळी थांबली होती हे खरंच. दोनशे डोळे माझ्या गुडघ्यांकडे बघत होते. मला तापट म्हणतात ते उगीच नाही. मी खुर्ची उचलली, घडी केली आणि भिंतीकडे भिरकावली. ती फरशीवर वाजली. भावाला म्हणालो, "पुढच्या पाडव्याला याच पानावर खाली बसेन आणि जमिनीला हात न लावता उठेन. नाही जमलं तर या मंडळात पाय ठेवणार नाही, आणि तुझ्या दारातही." आणि पानाला न शिवता निघून गेलो. वाढलेलं पान सोडून जाणं आमच्यात फार वाईट. माझ्या जागी दुसऱ्या पानाचा माणूस सरकला आणि पंगत झाली. मला तिचा वास रस्त्यापर्यंत येत होता.

भावाचं दुकान माझ्या दुकानापासून चौथं. पुढचं वर्षभर आम्ही एकमेकांशी बोललो नाही.

घरी येऊन मी जमिनीवर बसून पाहिलं. बसलो खरा, धप्पकन. उठायला कपाटाची कडी धरावी लागली. खोटं कशाला सांगू, त्या आधीही धरावी लागतच होती.

मग मी माझ्या डोक्यानं इलाज काढला. शरीर जड झालंय, हलकं केलं पाहिजे. धातूचं आम्ही हेच करतो. ताप द्यायचा, भेसळ जळते, वजन घटतं, उरतं ते चोख. मी उपास धरले. एकादशी होतीच, तिला जोडून सोमवार, गुरुवार, शनिवार, प्रदोष, चतुर्थी. उपास नसेल त्या दिवशी चार घास भात आणि ताक. वजनकाटा खाली येत गेला आणि मी रोज सकाळी त्या काट्यावर असा उभा राहायचो, जसा गिऱ्हाइकासमोर चोख नग ठेवून उभा राहतो. तीन महिन्यांत सदरे ढगळ झाले. दुपारी सगळं धूसर दिसायचं. तिरुवल्लिकेणीतल्या आमच्या गल्लीचा आवाज लांबून, पाण्याखालून आल्यासारखा यायचा. मला वाटायचं, ही शुद्धी आहे.

एका सकाळी देवापुढं बसलो आणि उठता येईना. कडी हाताशी नव्हती. पाय होते, पण माझे नव्हते. बायको दारात येऊन उभी राहिली.

"आवं, देवाला बसलायसा का देवाकडं निघालायसा?"

"हात दे."

"इतकं कडक उपास करून देवानं हात न्हाई दिला व्हय?" म्हणत तिनं मला काखेत धरून उठवलं. तिच्यापेक्षा मी चार वर्षांनी मोठा. पण त्या क्षणी तिच्या दंडात जोर होता आणि माझ्या मांडीत नव्हता. ती रोज विळीवर बसते, फरशी बसून पुसते. तिनं जमीन कधी सोडलीच नव्हती.

दोन गल्ल्या सोडून एका औषधाच्या दुकानाच्या माडीवर आहारतज्ज्ञ बसते असं तिनंच शोधून काढलं. मी तमिळमध्ये बोलायला लागलो तर समोरची पोरगी ऐकत राहिली आणि मग मराठीत म्हणाली, "मामा, मज सांगा, उपास कां धरिलात?" घराणं तंजावरचं. तीनशे वर्षांपूर्वीची मराठी, तमिळ हेलात. मला क्षणभर वाटलं आपण कुठल्या तरी जुन्या अंगणात बसलोय. मग ती अंगण मोडून म्हणाली, "आतां ही मूठ दाबा."

तिच्याकडे पकड मोजायचं एक यंत्र होतं. दाबलं तर काटा उडाला.

"अय्यो! ही मूठ म्हाताऱ्याची नव्हे."

"चाळीस वर्षं चिमटा धरलाय."

"सरी. आतां हात छातीवर बांधून खुर्चीवरून उठा-बसा करा. अर्धा मिनिट. मी मोजतें."

पाचव्या वेळी मी खुर्चीला चिकटलो. तिनं माझं जुनं वजन विचारलं, नवं पाहिलं आणि मान हलवली. मी म्हटलं, घटलंय ते चांगलंच नाही का? त्यावर तिनं मला धंद्याबद्दल विचारलं. भट्टीत वजन घटतं ते कुठं जातं, हे मी तिला खुशीत समजावून सांगितलं. थोडी भेसळ जळते. पण कारागीर कच्चा असला तर सोन्याचे कणही मुशीच्या भिंतीला लागतात, राखेत जातात, फरशीच्या फटीत बसतात. म्हणून घट जास्त आली की आम्ही खूश होत नाही, राख चाळतो.

ती म्हणाली, "मग तुम्ही राख कां नाही चाळिली?"

मी तिच्या वजनकाट्याकडं बघितलं.

"चरबी गेली मामा, पण मांसही गेलं. या वयांत कमी खाल्लं आणि पायांस काम दिलं नाही की शरीर दोन्ही जाळतं. काटा सांगत नाही काय गेलं तें. तो नुसतं वजन सांगतो."

माझ्यासारख्या माणसाला हे एका पोरीनं सांगावं! राग आला, पण तो माझाच मला आला. कमी वजनाला मी चोख समजलो. गलाईवाला असून.

मग तिनं सांगायला सुरुवात केली. शिकलेली होती आणि नेमकं बोलत होती. स्नायूंना रोज बांधकामाचा माल लागतो, आणि म्हातारपणी तो कमी नाही, उलट जपून आणि नेमानं द्यावा लागतो. तोही एकाच जेवणात ढीग करून नाही, तिन्ही वेळा वाटून. डाळ, दही, अंडं, मासा, यांतलं काहीतरी प्रत्येक पानात हवंच. पण नुसत्या खाण्यानं मांस बनत नाही, त्याला ओझं द्यावं लागतं. जेवल्यावर थोडं चालावं, साखर रक्तात उसळत नाही. लोणचं-पापड कमी. संध्याकाळी उन्हं कलल्यावर लवकर जेवावं, दुपारी अर्ध्या तासापेक्षा जास्त लोळू नये, म्हणजे झोप गाढ लागते.

"आणि रोज चाळीस उठाबशा," ती म्हणाली.

"दहा."

"हें दुकान नव्हे, मामा."

"कुठलीही जागा दुकानच असते. बारा."

"पस्तीस."

"तुम्ही माझ्या गुडघ्यांचा विचार करा."

"त्यांचाच करितें. तीस."

अर्धा तास चाललं. मी एकदा उठून दारापर्यंत गेलो, तिनं बोलावलं नाही, मीच परत आलो. बावीसवर ठरलं, त्याही पहिला महिना खुर्चीवरून. मी विजयी मनानं जिना उतरलो. काही महिन्यांनी तिनं सहज सांगितलं, "मज वीसच हव्या होत्या." आयुष्यात पहिल्यांदा मी मागितल्याहून जास्त देऊन आलो होतो.

मी निघताना तिनं दिलेल्या चिठ्ठीत सगळ्यांत वर एक गोष्ट लिहिली होती, कोळ्ळु. मी घरी बायकोला दाखवली. ती हसायला लागली ती थांबेचना. कोळ्ळु म्हणजे हुलगा.

"आणा म्हणावं परत," ती डोळे पुसत म्हणाली, "ज्याला लाथ मारून आलायसा त्याला."

पहिल्या दिवशी तिनं माडगं केलं, लसूण-जिऱ्याची फोडणी दिली, आणि वाटी माझ्या हातात ठेवली. वाफ तोंडावर आली आणि मी चेन्नईत उरलोच नाही. चुलीपुढचं सारवण, बाहेर रखरखीत पांढरा माळ, आईच्या हातातलं ओघराळं. ज्या चवीपासून मी इतका लांब पळून आलो होतो ती जिभेवर मऊ बसली, तिनं काही विचारलं नाही. मी दुसरी वाटी मागितली. बायको देव्हाऱ्याकडं बघत म्हणाली, "बघा बाई, शेठ हुलगा खात्यात."

त्यानंतरचे महिने मला सलग आठवत नाहीत. आठवतात ते स्वप्नात आठवावेत तसे, तुकड्यांनी. पहाटेची दमट हवा. वाळूवर माझ्या बुडाचा खड्डा आणि त्यात हळूच येणारं पाणी. ओल्या पुठ्ठ्यावर उकडलेली अंडी सोलणारा फेरीवाला. संध्याकाळी सुंडलवाल्याशी रोजचं भांडण, की खोबरं आणि कैरी कमी घाल, वाटाणा जास्त; तो म्हणायचा, "तात्ता, मग वाटाण्याचं पोतंच न्या." दुकानातली फिरती खुर्ची मी माळ्यावर टाकली आणि काउंटरमागं पाट घेतला. गिऱ्हाईक आत येऊन इकडंतिकडं बघायचं, मग मी खालून वर यायचो. पाऊस-वादळाच्या दिवसांत रस्ते तुंबले तेव्हा घरातच, बायको मोजायची आणि मी उठायचो. ती मध्येच आकडा चुकवायची. मला ठाऊक होतं ती मुद्दाम मागचा आकडा धरते.

मांडीतला जोर परत आला तो कधी आला हे कळलं नाही. एक दिवस दुकानाच्या पायरीवरून उठलो आणि उठून झाल्यावर लक्षात आलं की भिंत धरली नाही. पलीकडं भाऊ त्याच्या दुकानाचं कुलूप काढत होता. त्यानं पाहिलं. मी मान फिरवली.

पण जमिनीवरून, मांडीतून, हात न लावता? दहापैकी सहा वेळा जमायचं. कधी सात.

पाडव्याच्या आधी मी त्या पोरीला विचारलं, दहाला दहा कधी होतील? ती म्हणाली, "तुम्ही सदुसष्ट वर्षांचे आहांत, मामा. जें आलं तें पुष्कळ. न जमलं तर हात टेका, त्यांत काय लाज?" तिला काय सांगणार.

पाडव्याला गेलो. सभागृहात तोच उजेड, तीच पानं. माझं पान जमिनीवर होतं. पाट नाही, टेबल नाही. पण शेजारी भिंतीला टेकून तीच घडीची खुर्ची मिटून ठेवलेली. तिच्या एका पायाला पोचा आलेला होता, माझ्या हातचा. भाऊ वाढत होता. मी मांडी घातली, घास घेतला, पंगत सुरू झाली. भाऊ पुरणपोळी घेऊन माझ्यापुढं आला आणि वाकून थांबला.

वर्षानं मी त्याच्याशी बोललो. "उसळ वाढ."

तो गेला, मटकीची उसळ घेऊन आला, दोन डाव वाढली. "आनी?"

"बास."

जेवणं झाली. हळूहळू बोलणी थांबली. सगळे माझ्याकडे बघायला लागले, वाईट मनानं नाही. नियमच तो आहे, पहिल्या पानाचा माणूस उठेपर्यंत बसायचं. पंख्यांचा आवाज लांब गेला. उन्हाचा एक पट्टा पानांच्या ओळीवरून वाहत होता आणि क्षणभर सगळी पंगतच मुशीतल्यासारखी हलताना दिसली. मी पाय जवळ ओढले, हात छातीशी घेतले, पुढं झुकलो आणि उठलो.

अर्ध्यात अडकलो.

हे दहातल्या त्या तीन-चार वेळांपैकी होतं. ढुंगण जमिनीपासून सुटलेलं, वर जाता येईना आणि खाली धप्पकन बसणं तर त्याहून वाईट. उजवा हात आपोआप जमिनीकडे निघाला. तेवढ्यात भाऊ माझं पान उचलायला खाली वाकला. पहिल्या पानाचा माणूस उठेपर्यंत त्याचं पान कुणी उचलत नाही, हे त्याला माहीत होतं. त्याचा खांदा माझ्या हाताखाली आला. तो वर बघत नव्हता. पानाकडेच बघत म्हणाला, "शब्द जमिनीचा हुता, आण्णा."

जन्मभर शब्दांचा सौदा केला, पण ही फट माझ्या ध्यानात आली नव्हती. जमिनीला हात लावणार नाही असं मी म्हणालो होतो. भावाच्या खांद्याचं बोलणं झालंच नव्हतं. मी खांद्यावर हात ठेवला आणि उठलो. फार भार दिला नाही. बोटांपुरता, मुशीवरचं झाकण उचलायला देतात तेवढा. माझ्यामागं सगळी पंगत उठली.

भाऊ मात्र वाकलेलाच होता. त्याच्या कमरेतून आणि गुडघ्यांतून कोळसा तडकावा तसा आवाज आला. मी त्याला दंडाला धरून सरळ केलं.

"गेल्या वर्षी तुला पायरीवरून भिंत धरून उठताना बघितलं हुतं," तो हळू म्हणाला. "सगळ्यांम्होरं तसं नको म्हणून खुर्ची ठेवली."

"मला विचारायचं होतंस."

"तुला इचारलं की भांडान हुतं."

"न विचारता काय झालं?"

तो हसला. मी हसलो नाही. मी त्याला माफ केलं असं मी कुठंही म्हटलेलं नाही, आणि ती खुर्ची अजून मंडळाच्या भिंतीला आहे, तिच्याकडे बघून माझं रक्त अजून तापतं. पण त्याच्या गुडघ्यांचा तो आवाज कानात राहिला. तोही पंधरा वर्षं फिरत्या खुर्चीवर बसतोय.

"उद्या पहाटे मरीनाला ये," मी म्हटलं. "येताना माडगं पिऊन ये, वहिनी पाठवील. चाळीस उठाबशा."

"दहा," तो म्हणाला.

"पस्तीस."

मला वीसच हव्या होत्या.